गिरिजाअक्कांचा रिकामा फोल्डर

सोम., ३ मार्च
राजीनाम्याची मुदत शुक्रवारी संपते. आमचे साहेब रमेश सर हसत हसत हिंदीत म्हणाले, कंपनीतले सगळे लॅपटॉप नव्या सर्व्हरला लागेपर्यंत तुला सोडत नाही. म्हणजे रिलीव्हिंग लेटर नाही. ते नाही तर बेळगावची नोकरी नाही, आणि बेळगाव नाही तर दर शनिवारी निपाणीला घरी जाणंही...
आईचा फोन. अप्पांना पक्षाघात झाल्यापासून ती एकटीच करते सगळं. "आज त्यांना उचलताना कंबर धरली बघ. कधी येतीस, शुभा?"
येते म्हटलं.

मंगळ., ४ मार्च
दिवसभर होसकोटेच्या कारखान्यात. सर्व्हरवरच्या फाइलींची एक प्रत प्रत्येक लॅपटॉपमध्ये राहते. बाहेरगावी काम करा, परत आल्यावर ते आपोआप सर्व्हरवर चढतं. पण सर्व्हर बदलला आणि लॅपटॉप अजून जुन्यालाच शोधतायत. बाकीचे केले सरळ. राहिला गिरिजाअक्कांचा.
अक्का पंपांच्या चाचण्या घेतात. बदलाच्या वेळी त्या गिऱ्हाइकाकडे होत्या. तिथल्या नोंदी फक्त ह्या लॅपटॉपमध्ये. फोल्डर उघडला. रिकामा.
त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसती खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

बुध., ५ मार्च
सर : "रीसेट मार, संपव."
रीसेटने लॅपटॉप नव्या सर्व्हरला लागेल, पण आतली प्रत पुसली जाईल. तसं सांगितलं. "रिकामंच तर आहे," म्हणाले. रिकामं दिसतंय, पण डिस्क भरलेली आहे. फाइली आत कुठेतरी आहेत नक्की.
अक्कांना सगळं समजावलं. त्या कन्नडमध्ये एवढंच म्हणाल्या, "पंप जहाजावर चढले गं. आता परत चाचणी कशाची घेऊ?" नोंदी नसतील तर चाचणी झालीच नाही असं धरतील. आळ अक्कांवर.
जेवणाच्या सुट्टीत एकटीच होते. रीसेटची खिडकी उघडी. एक बटण दाबलं की मी मोकळी. अक्कांना म्हणायचं, गेल्या फाइली. कोण तपासणार आहे?
खिडकी बंद केली. मग स्वतःचाच राग आला. अप्पा तिकडे, आणि मी इथे पंपांच्या...

गुरु., ६ मार्च
सापडलं! सकाळी के. आर. पुरमहून कारखान्याकडे येताना बसमध्ये, उभ्याउभ्या डोक्यात आलं. जुना सर्व्हर अजून बंदच केलेला नाही. फक्त त्यातला फोल्डर काढलाय. लॅपटॉपला सर्व्हर भेटतो, म्हणून तो तिथलंच दाखवतो. तिथे काही नाही. स्वतःजवळची प्रत तो काढतच नाही, कारण सर्व्हर गायब आहे असं त्याला वाटतच नाही.
पोचल्या पोचल्या केबल काढली, वायफाय बंद. जुन्या फोल्डरचा पत्ता हाताने टाईप केला.
सगळ्या फाइली समोर.
अक्कांनी माझा दंड घट्ट धरला. "स्वल्प थांब, स्वल्प थांब," थोडं थांब, एवढंच. मी कुठे जात होते? बाहेरच्या डिस्कवर कॉपी लावली. ती संपेपर्यंत दोघी हललो नाही. दोन फाइली उघडल्या नाहीत. बाकी सगळ्या धड.
त्यानंतरच रीसेट.

शुक्र., ७ मार्च
अक्कांच्या नोंदी नव्या सर्व्हरवर चढल्या. त्यांनी घरून पुळिओगरे, चिंचेचा भात, आणला होता. त्या न उघडलेल्या दोन फाइलींबद्दल म्हणाल्या, "सरी, ठीक आहे, त्यांचं मी बघते."
सरांकडे गेले. खूश होते. "गुड! आता तुला जमलंय तर आनेकलच्या कारखान्यातले लॅपटॉपही करून टाक. तिथे असेच अडकलेत. मग जा."
"सर, आज माझा शेवटचा दिवस आहे."
"हाँ हाँ, लेटर कुठे पळून जातंय?"
मी उभी राहिले. ते फोन घेऊन बाहेर गेले. बऱ्याच वेळाने आले तर मी तिथेच. म्हणाले, "अजून इथेच?" लेटर पाहिजे, म्हटलं. सोमवारी बघू, म्हणाले.
सोमवारी मला बेळगावात हजर व्हायचंय.
पायऱ्या उतरता उतरताच रविवारच्या निपाणी गाडीचं तिकीट काढलं. सरांना सांगितलं नाही.
आईला फोन. "नक्की येतीस न्हवं?"
"तिकीट काढलंय," म्हटलं. लेटरचं बोलले नाही. तिकीट तेवढं खरं होतं.