एस्तेर आणि मनकर्णा यांच्या घराविषयी

मी, प्रेमिला शांतवन पाटोळे, वय सदुसष्ट, धर्म ख्रिस्ती, निवृत्त परिचारिका, राहणार नंदनवन, नागपूर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. आमच्या घरात हे मुद्दाम सांगावं लागतं.

एक. माझे स्वकष्टार्जित दोन खोल्यांचे घर धाकटी बहीण एस्तेर हिला द्यावे. वकील मार्तंडराव म्हणतात, वारसाच्या नावाबद्दल शंका नको. म्हणून खुलासा करते.

आम्ही कामठीला असताना एस्तेर स्वतःशी बोलू लागली, जेवेनाशी झाली. आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच गिरिधरभाऊ प्रार्थनेला आले. आमचा भाऊ आनंदराव याने तिचे हात धरले. मी दारात होते. गिरिधरभाऊंनी तिच्या डोक्यावर बायबल दाबून आतल्या अशुद्ध आत्म्याला नाव विचारलं. ती म्हणाली, "एस्तेर." ते ओरडले, "खोटं!" दुपारभर हेच चाललं. शेवटी ती हसली आणि म्हणाली, "मनकर्णा." सगळ्यांनी हालेलुया म्हटलं.

मनकर्णा हे आमच्या आजीचं बाप्तिस्म्याआधीचं नाव. घरात ते कोणी घेत नसे. आईने मला एकदाच सांगितलं होतं, तेही एस्तेरच्या जन्माआधी. तिला कोणी सांगितलं, मला आजही कळत नाही.

तेव्हापासून ती एस्तेर या नावाला ओ देत नाही. मला बाई म्हणायची, आता पोरी म्हणते. जेवायला तिसरं ताट मांडते आणि विचारते, "पोरी, एस्तेर जेवली काय वं?" कधी कधी त्या ताटातला भात कमी झालेला असतो. मी तिकडे बघत नाही.

दोन. गिरिधरभाऊंना ते बायबल द्यावे. त्या दिवशी त्याची शिवण उसवली, ती त्यांनी बांधून घ्यावी. माझा राग गेलेला नाही.

तीन. आनंदरावाला वडिलांचं घड्याळ. घर विकून बहिणीला वेड्यांच्या इस्पितळात टाकायचा त्याचा बेत मला ठाऊक आहे. घराला त्याने हात लावू नये.

चार. माझ्या अंत्यविधीत पाळकसाहेबांनी तिच्याविषयी उघड बोलावं. कुजबुज पुरे झाली. मात्र बाधा म्हणू नये, पाप म्हणू नये. ती आजारी आहे, औषध घेते आणि आपली आहे, एवढं सांगावं. प्रार्थना शेजारी बसून करावी, डोक्याला हात न लावता. तिला नाव कोणीही विचारू नये.

पाच. म्हणून कलम एकमधलं घर अर्धे एस्तेरला, अर्धे मनकर्णाला. मार्तंडराव 'उर्फ' लिहा म्हणाले. मला उर्फ नको, त्याने एकीला बाहेर काढता येतं. देह एकच आहे, हे न्यायालयाने समजून घ्यावं. घराची आणि तिची देखभाल मार्तंडरावांनी पाहावी.

हे सगळं मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तू मेल्यावर एस्तेरले कोन सांगन?"

"तू सांग," मी म्हटलं.

ती आतल्या रिकाम्या खोलीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी नाही सांगत, पोरी. आतापासूनच रडून राहिली ते."

सही : प्रेमिला शांतवन पाटोळे

आमच्यासमक्ष सही केली. साक्षीदार : वामनराव रणभिसे, अरुंधती बोरकर

नागपूर, ११ नोव्हेंबर १९७९