नियमात न बसणारी संत्री

५ मार्च २०२५

बंद! सकाळी फोन उघडला तर जाहिरातीचं खातंच बंद. 'धोकादायक वस्तूंच्या विक्रीबाबतचा नियम मोडला.' कोणती धोकादायक वस्तू? संत्री! वरूडची संत्री! फोटोत माझी सासू, आमच्या अम्मी, टोपली घेऊन बागेत उभी आहे. डोक्यावर ओढणी, हसून राहिली. बाकी काहीच नाही त्यात.

दोन वर्षं झाली, याच जाहिरातीवर पुण्या-नागपूरची माणसं आमच्याकडून पेट्या मागवतात. नाहीतर चंद्रभान व्यापारी आहेच टपून — झाडावरचा सगळा माल एकगठ्ठा, तो म्हणन त्या भावात. ऐन तोडणीत खातं बंद करून ठेवलं मेल्यांनी.

६ मार्च

अपील केलं. उत्तर लगेच आलं. 'आम्ही तुमचं म्हणणं काळजीपूर्वक तपासलं. निर्णय कायम.' एवढ्यात? संत्रं सोलायले याच्यापेक्षा जास्त वेळ लागते! कोणी माणूस आहे का तिथं? कोणता शब्द चुकला, कोणता फोटो — काही सांगत नाहीत. नुसतं 'नियम वाचा'. वाचले. सगळे वाचले. संत्र्याचं नावही नाही त्यात.

आणि त्याच फोनवर काय चालू आहे? 'एका पुडीत शुगर गायब.' 'घरबसल्या पैसे दुप्पट.' हे चालते!

अम्मी म्हणाल्या, "गुस्सा थूक दे बेटा, रोज़ा है तेरा." रोजा आहे म्हणूनच इथं लिहून राहिली. नाहीतर तोंडानं बोलली असती.

८ मार्च

जुबेर म्हणाला, "गोल दिसलं, बॉम्ब वाटला असन त्याईले." आणि स्वतःच हसला. नवरा म्हणून ऐकून घेतलं. मले हसू नाही आलं. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात — संत्र्यामुळे बंद केलं, का खाली माझं नाव, नगमा, लिहिलंय म्हणून?

१० मार्च

पौर्णिमाले फोन केला. किसनकाकाची पोरगी, आमच्या धुऱ्यापलीकडचं, बांधाले लागूनच, वावर त्याईचं. आता ती शहरात, राजापेठेत, इंग्रजीचे क्लास घेते, तिचीही जाहिरात तिथंच असते. सगळं सांगितलं. म्हणाली, "मंग माझ्या खात्यावरून टाक ना वं! एवढं काय त्यात?"

खरंच, एवढं काय. किसनकाकाचा फवारणीचा पंप आमच्याइथं, आमची शिडी त्याईच्याइथं. कोणी कोणाले विचारत नाही. लागलं की नेलं.

तोच फोटो, त्याच अम्मी, तीच संत्री. पौर्णिमानं टाकली. मंजूर!

११ मार्च

आनंद व्हावा का जीव जळावा? फक्त नाव बदललं — आणि मंजूर! पेट्या मात्र जाऊन राहिल्या.

१३ मार्च

सत्यानाश. पौर्णिमाचंही खातं बंद. कायमचं! 'बंद केलेल्या खात्याला मदत करून नियम चुकवला.' मदत केली म्हणून शिक्षा! हा कोणत्या देशाचा न्याय?

तिची उन्हाळी क्लासची भरती तोंडावर आली. समोरच नवा क्लास उघडलाय, त्याचे बोर्ड चौकभर. तिची पोरं सगळी जाहिरात पाहूनच येतात. म्हणे, "जाऊ दे नगमे, कागदं चिकटवीन भिंतीवर." काहून जाऊ दे? ओरड ना माझ्यावर! चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मले.

१७ मार्च

संत्री गळून राहिली. चंद्रभान बागेत फिरून गेला. 'बारीक माल घेणार नाही' म्हणते, भाव आणखी पाडला. फळ असं दाबून पाहत होता की त्याच्या हातावर चापट मारावी वाटली. जुबेर म्हणाला, शनिवारपर्यंत सांगतो.

१८ मार्च

परत अपील. परत तेच 'काळजीपूर्वक'. आग लागो तुमच्या काळजीले!

२१ मार्च

आज मेल आली. 'तुमचं खातं चुकून बंद झालं होतं. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' चुकून! आमची अर्धी बाग खाली पडली, आणि यांच्या लेखी नुसती गैरसोय! नावामुळे होतं का नव्हतं, ते काही लिहिलं नाही. आता कधी कळणारही नाही.

पण जाहिरात सुरू झाली. फोन वाजून राहिला. जुबेरनं चंद्रभानले नाही म्हणून सांगितलं. अम्मी इफ्तारच्या वेळी सगळ्याईले खजूर वाटत फिरल्या.

पौर्णिमाले सांगायले फोन लावला. तिलेही उत्तर आलं होतं. 'निर्णय अंतिम.' काहून? तर बंद खात्याला मदत केली! अरे, ते खातं तुम्हीच उघडलं ना आज! माझी चूक नव्हती हे तुम्हीच लिहिता, मग तिची कशी राहिली? दहा वेळा लिहून पाठवलं. कोणी वाचत नाही.

माझ्या मेलमध्ये खाली आणखी एक ओळ होती. 'आपल्या खात्यावरून बंद खातेदाराची जाहिरात केल्यास आपलं खातं कायमचं बंद होईल.'

२३ मार्च

जुबेरले विचारलं, पौर्णिमाची जाहिरात टाकू का. झाडावर अजून माल आहे, खातं गेलं तर पुन्हा चंद्रभानच. तो पंप धुऊन राहिला होता. म्हणाला, "हा आणताना किसनकाकाले विचारलं होतं का आपण?"

पौर्णिमाचा फोटो लावला, क्लासचा पत्ता लिहिला. माझ्या खात्यावरून टाकली जाहिरात.

करा बंद!