डाव्या हातातला क्लच

भावसिंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

प्रिय संघ्या,

जयभीम. इकडं आई, अण्णा, मी, सगळे आपापल्या जागी बरे आहोत. थंडी ओसरत आली. तू आणि अमृता कसे आहात?

पत्र बघून हसशील, की ताईला काय झालं आता. तर बाबा रे, फोनवर मी गाडीचा ग काढला की तुझ्याकडची रेंज जाते. नागपूरसारखं एवढं मोठं शहर, आणि रेंज नेमकी तेव्हाच कशी जाते तुझी? म्हणून कागदावर लिहितेय. आत्ता वाचायचं नसेल तर घडी घालून ठेव, पण फाडू नकोस.

आधी इकडच्या बातम्या. कडूबामामाची म्हैस व्याली, रेडकू झालं, गल्लीभर खरवस वाटला. आपल्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला आणि आठच दिवसांत पाइपलाइनसाठी पुन्हा खोदला, ते तर तुला सांगायलाच नको. माझी कंपनी वाळूजलाच आहे, टूलरूममध्ये मशीन तेच, खुर्ची तेवढी नवीन मिळाली. आईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड ठणठणीत आहे.

आणि गाडी झाली, संघ्या.

व्हय, तीच. आपली एम.जी. अमृतानं ती कधी बघितली नाही, तू तिला काही सांगितलंही नसशील, म्हणून तिच्यासाठी लिहिते: अमृता, आमचे आजोबा, कचरूबाबा, छावणीतल्या एका डॉक्टरच्या गाडीची देखभाल करायचे. दोन सीटांची, उघड्या टपाची, लांब नाकाची विलायती गाडी. डॉक्टर गाव सोडून गेला तेव्हा ती चालूच होईना, म्हणून त्यानं ती आजोबांनाच देऊन टाकली. मग ती आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली आणि वर्षानुवर्षं तिच्यात कोंबड्या अंडी घालत राहिल्या. अण्णांनी आणि तुझ्या नवऱ्यानं ती खोलायला घेतली तेव्हा हा कॉलेजात होता. रोज संध्याकाळी दोघं बापलेक तिच्याखाली, जेवायला हाका मारून आमचा घसा बसायचा.

पुढचं, संघ्या, तुला माहीत आहे. लासूर स्टेशनच्या रस्त्यावर ट्रकनं तुझ्या मोटारसायकलला उडवलं, डावा पाय गेला. आणि दवाखान्यात तुझ्या पलंगाशी उभं राहून अण्णा म्हणाले, "ती गाडी आता कुणासाठी करू?" एवढंच बोलले, आणि घरी येऊन गाडीवर ताडपत्री टाकली. ते वाक्य तू विसरला नाहीस. मीही नाही. त्यांना रडता येत नव्हतं म्हणून ते तसं बोलले, असं मी तुला कितीदा समजावलं. पण ऐकणारा तू होतास, लागलं तुला. मग तू नागपूरला गेलास तो पाहुणाच झालास. सकाळी येणार, संध्याकाळच्या गाडीनं परत. मला याचा राग येतो, संघ्या. येतोच. आज लपवत नाही.

तर मागच्या वर्षी अण्णांनी ती ताडपत्री काढली.  पत्र्याखालची लाकडी चौकट वाळवीनं पार खाल्ली होती. म्हणजे अमृता, या जुन्या गाड्यांचा सांगाडा लाकडाचा असतो, वरून पत्रा. अण्णांनी जुन्या दारांचं सागवान आणलं, रंधा मारत बसले. मी कंपनीत बुश, पिन असे बारके भाग लेथवर करून घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी त्यांना द्यायची. इंजिन सुरू झालं त्या दिवशी गल्लीतली सगळी कुत्री भुंकत सुटली आणि आई म्हणाली, "झालं, आता ह्या घरात आणखी एक खोकणारं आलं."

रंगाचं विचारलं तर अण्णा म्हणे, मूळचाच हिरवा द्यावा. आई उठून उभी राहिली. "निळा सोडून दुसरा रंग असतोय का आपल्या घरात?" निळाच दिला. लई देखणी दिसते रे. दुपारच्या उन्हात शेडचं दार उघडलं की बघत राहावं वाटतं.

आता खरी गंमत. अण्णांनी एक दिवस जाहीर केलं, "माझे गुडघे दुखतेत. पायातला क्लच मी हातावर घेणार." मी म्हटलं, घ्या. त्यांनी हिशेब केला: डाव्या पायाचं काम, तर डाव्या हाताला द्यायचं. सीटच्या डाव्या अंगाला मोठा दांडा बसवला, ओढला की क्लच दबतो. मोठ्या ऐटीत बसले, पहिल्या गिअरवर गल्लीत निघाले. दुसरा टाकायची वेळ आली आणि लक्षात आलं की गिअरही डाव्याच हातानं टाकायचा! डाव्या हातात दांडा, मग गिअरला कुठला हात? स्टिअरिंग सोडून त्यांनी उजवा हात पलीकडं घातला आणि गाडी सरळ कडूबामामाच्या कडब्याच्या गंजीत. गाडीला ओरखडा नाही, पण मामा पोट धरून हसतोय आणि अण्णा आत बसून त्याच्यावरच ओरडतायत, "हसतो काय येड्या, कडबा रस्त्यात कोण ठेवतं?"

दोन दिवस शेडकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता एकदम उठले. अख्खी नोकरी वाळूजला स्कूटरच्या लाइनवर काढलेला माणूस तो! स्कूटरच्या डाव्या मुठीत क्लचही असतो आणि गिअरही, एकाच हातात, हे इतक्या उशिरा सुचलं म्हणून स्वतःच्याच कपाळावर मारून घेतलं. भंगारातून जुन्या स्कूटरचा क्लच लिव्हर आणला आणि एम.जी.च्या गिअरच्या दांडीवरच बसवला. दाबायचा आणि त्याच हातानं गिअर टाकायचा. केबल जड जायला लागली म्हणून खाली मी एक लांब आर्म, म्हणजे तरफेसारखा दांडा, करून दिला. आता आईसुद्धा दाबू शकते, इतका हलका झालाय. पायातला क्लच काढूनच टाकला.

मला तेव्हाच शंका आली होती. गुडघे तर आईचे दुखतात, अण्णांचे कुठं?

मग एका दुपारी मी शेडमध्ये चहा घेऊन गेले. अण्णा गाडीत बसलेले, इंजिन चालू. त्यांनी डावा पाय गमछानं सीटच्या पायाला बांधला होता. मी म्हटलं, "हे काय हो?" म्हणाले, "पाय सारखा क्लच शोधतोय. त्याच्याबिगर चालवून बघितल्याशिवाय कळंल कसं?" आणि तसंच बांधलेल्या पायानं छावणीतून शरणापूरपर्यंत जाऊन आले, मी शेजारी. पार दौलताबादचा किल्ला दिसायला लागला तेव्हा वळवली.  घरी आल्यावर गमछा सोडला, पायाला मुंग्या आल्या होत्या, उठता येईना. मी हात दिला. तेव्हा म्हणाले, "जमतंय. त्याला जमंल."

तुझं नाव नाही घेतलं. पण संघ्या, ह्या घरात दुसरा "तो" कोण आहे?

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. अण्णांना काचबिंदू आहे. दोन्ही डोळे. बाजूचं दिसत नाही, समोरचंही नळीतून बघावं तसं दिसतं. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं किती टिकेल सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि अण्णांचं गाडी चालवणं बंद केलं. तेव्हापासून एम.जी. शेडमध्ये उभी आहे. "ताईला सांग ना चालवायला" असं म्हणू नकोस. मी त्या सीटवर बसणार नाही.

तुला कळवू नको म्हणून अण्णांनी मला बजावलं होतं. "डोळ्यांसाठी म्हणून येईल. तसा नको." मी त्यांचं ऐकलं नाही. तू कशासाठी येतोस ते तुझं तू ठरव.

काम मात्र एक राहिलंय. वळणावर तुझा डावा पाय घसरू नये, जयपूर फूट ब्रेकखाली जाऊ नये, म्हणून त्या बाजूला पाय टेकायला अण्णांना एक उशी बसवायची आहे. कापड आणलंय, लाकूड कापून ठेवलंय. परवा मला विचारलं, "सुले, त्याचा पाय कुठवर हाय गं?" मी आईकडं बघितलं, आईनं माझ्याकडं. तुझं दुसरं ऑपरेशन नागपूरला झालं, आम्हाला नंतर कळलं, आणि त्यानंतर तू कधी दाखवला नाहीस. पाय आता कुठवर उरलाय, आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. अण्णा लाकूड मांडीवर घेऊन बसून राहिले. आई आत जाऊन रडली, मी शेडमध्येच रडले.

माप फोनवर सांगू नकोस, अमृताच्या हातून लिहूनही पाठवू नकोस. टेपवरचे आकडे त्यांना आता दिसत नाहीत. ते सगळी मापं हातानं चाचपून घेतात.

घेऊ दे त्यांना.

शेडचं दार उघडं ठेवून,
तुझी ताई
सुलेखा