आठ क्लबांचा जावई

कुसगाव, रविवार

आदरणीय कमरजहाँ खाला,

अस्सलामु अलैकुम. सोलापूरचं ऊन तुमच्या गुडघ्यांना मानवतंय ना? अम्मीने सलाम सांगितलाय आणि तेल लावत जा म्हणून बजावलंय. इकडे सगळे खुशाल आहेत, मी जरा जास्तच. खाला, माझं स्थळ जमलं! (हे शेवटी लिहायचं ठरवलं होतं, पण हात थांबला नाही.)

तुम्ही माहनूरचं नाव सुचवलंत तेव्हा तिच्या अब्बांना, म्हणजे नसीरचाचांना, मी फुटबॉल खेळतो एवढंच ठाऊक होतं. चाचांनी उभं आयुष्य लोणावळ्यातल्या एकाच चिक्कीच्या दुकानात काढलंय, तेही एकाच स्टुलावर. त्यांनी विचारलं, कुठे कुठे खेळलास? मी खरं ते सांगितलं. मडगाव, कोलकाता, त्रिशूर, पुन्हा मडगाव (क्लब वेगळा), शिलाँग, मालदीव, बेंगळुरू आणि गेल्या मोसमात श्रीनगर. चाचांचा चेहरा पाक करपल्यासारखा झाला. म्हणाले, "आठ जणांनी ठेवलं, आणि एकानेही ठेवून घेतलं नाही?" मी घाबरून जास्तच खुलासा केला, की शिलाँगला मी स्वतः गेलो नव्हतो, मडगावच्या क्लबाने मला एका मोसमापुरता उसना दिला होता. त्यावर ते बायकोकडे वळून म्हणाले, आपण पातेलं उसनं देताना दहा वेळा विचार करतो, यांनी अख्खा माणूस दिला.

मग रीतसर चौकशी सुरू झाली. मुलाची चौकशी शेजाऱ्यांकडे करतात, पण माझे शेजारी पडले देशभर (आणि एक समुद्रात). चाचांनी एकेका क्लबाला फोन लावले. त्रिशूरच्या मॅनेजरला मराठी येईना, चाचांना मल्याळम येईना, तरी दोघे बराच वेळ बोलले. शेवटी चाचांनी असा अर्थ काढला की मुलगा तिथून काहीतरी घेऊन पळालाय. (एक टॉवेल आला होता माझ्याबरोबर. तो धुऊन, इस्त्री करून त्याच दिवशी कुरिअरने परत पाठवला.) अखेर त्यांनी सांगितलं, आधी याचा खेळ बघतो, मग हो की नाही ते.

म्हणून काल इंदुरीच्या मैदानावर मी कुसगावकडून उतरलो. समोर इंदुरीचाच संघ. शाळा सोडली तेव्हा मी पहिल्यांदा याच संघातून खेळलो होतो, आणि पायात घालायला बूट भिकाजीआबांनी दिले होते. आबा काल रेषेवरच खुर्ची टाकून बसले होते. रात्रभर झोप नव्हती, पण कोपऱ्यातून चेंडू आला आणि खाला, मी असा उडालो की डोक्याने थेट जाळ्यात! सगळं कुसगाव नाचायला लागलं. मी मात्र हात जोडून, मान खाली घालून उभा. आमच्या धंद्यात रीतच आहे, पूर्वी ज्यांच्याकडून खेळलो त्यांच्यावर गोल केला तर आनंद दाखवायचा नाही. (इतके क्लब झाल्यामुळे हल्ली मला नाचायला संघच उरत नाही.) आबा ओरडले, "आरं, गोल बी करतो आन् माफी बी मागतो व्हय? एक कायतरी कर की!"

चाचांनी शेजाऱ्याला विचारून ही रीत समजून घेतली आणि चक्क डोळे पुसले. सामना संपल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ज्यांचं खाल्लं त्यांना हा विसरत नाही. पोरगी दिली." अम्मीने रात्री शिरखुर्मा केला. मला दोन घासही गेले नाहीत, इतका आनंद.

तुमचा भाचा,
अनस

ता. क. : शिरखुर्मा खाता खाता चाचा असंही म्हणाले की आता वणवण पुरे, दुकानात माझ्या शेजारी दुसरं स्टूल टाकतो. मी "जी" म्हणालो. गोलकीपरसमोर मी कधी गडबडत नाही, पण चाचांसमोर तोंडातून दुसरा शब्दच निघत नाही.

ता. क. दुसरा : आज सकाळी माहनूरने बहिणीच्या, नुसरतच्या हाती निरोप पाठवला. "दुकानात बसायला माझे दोन भाऊ आहेत. मी त्या आठ क्लबांची नावं ऐकून हो म्हटलं होतं." नववा क्लब असेल तर सांगा, नाहीतर राहू द्या, असंही पुढे होतं.

ता. क. तिसरा : नववा आहे. आयझॉलच्या क्लबाने बोलावलंय, राहायला घरही देणार आहेत. मी येतो म्हणून कळवून टाकलं. दुकानातही येतो म्हणूनच सांगितलंय. दोन्हीकडे पुढच्या सोमवारपासून. खाला, गुडघे कितीही दुखत असले तरी पत्र मिळताच पहिल्या गाडीने या आणि चाचांशी तुम्हीच बोला.