पाडव्याला कबूल केलेला सूट

शके १८५६, आश्विन व. १२

कचेरीतून लवकर निघालो. मामलेदार हसून म्हणाले, "जावई येणार म्हटल्यावर अव्वल कारकुनाला कोण अडवणार!" वत्सूचा पहिला दिवाळसण. वैशाखात लग्न झालं, ज्येष्ठात गिरगावच्या खोलीत बिऱ्हाड केलं, त्यानंतर पोर दिसलेली नाही. ही चार दिवस चुलीपुढून हललेली नाही. अनारसे जमले. चिरोटे एकदा बिघडले, एकदा जमले. जावई मुंबईत गोऱ्या कंपनीत कारकून, पगार बेताचा, पण मुलगा निर्व्यसनी. लग्नाआधी तशी चौकशी केली होती. विडीसुद्धा ओढत नाही म्हणे.

आश्विन व. १३

आले. धरमतर बंदरावरून येणारी मोटार बरीच उशिरा. आधी काठी उतरली, मग हॅट, मग पांढरे-तपकिरी दुरंगी बूट, आणि ह्या सगळ्याच्या मध्ये जावईबुवा. ह्या उन्हात कोट, आत जाकीट, गळ्याला टाय. कानामागून घाम निथळतोय पण गुंडी काढायची नाही. उतरल्याबरोबर खिशातून फडकं काढून बूट पुसायला वाकले. टपावरची ट्रंक वत्सूने खाली घेतली. ती केवढी, ट्रंक केवढी! मी धावलो. ट्रंकेत सगळं त्यांचंच सामान. वत्सूचं एक बोचकं.

कुडपणची पारू तूप घेऊन ओटीवर बसली होती. तिने हिला मोठ्याने विचारलं, "गो वैनी, ह्यो जावाय हाय का ब्यांडवाला?" ही म्हणाली, "हळू गो, ऐकतील." पारू म्हणाली, "ऐकूदे की. मी कुटं वंगाळ बोलली? ब्यांडवालं लय झ्याक दिसतात." मला हसू यायला हवं होतं. घामाला अत्तराचा वास मिसळून माजघरभर पसरलाय.

यापुढे इथे नुसतं जा. लिहीन. पूर्ण नाव लिहिण्याइतकी शाई नाही.

नरकचतुर्दशी

पहाटे अभ्यंग. जा. डोक्याला तेल लावून घेईनात. केसांत कसलंसं विलायती मेण आहे, ते उतरेल म्हणून. न्हाऊन आले ते थेट इस्त्री मागत. प्रवासात विजारीची घडी मोडली होती. ऐन दिवाळीत परटाच्या दारात उभं राहून कोळशाची इस्त्री मागून आणली. अव्वल कारकून, हातात इस्त्री, भर बाजारपेठेतून.

वत्सूला न्हाऊ घालताना हिने पाहिलं, बांगड्या पार कोपरापर्यंत सरकतात. विचारलं तर, "मुंबईचं पाणी मानवत नाही गं आई." जा. तेच पाणी पितात. त्यांना चांगलं मानवलंय.

पाडवा

काय करून बसलो!

पंगतीला शेजारचे वकील, कचेरीतले दोघे, हिचा भाऊ. पानाभोवती रांगोळ्या, उदबत्त्या. जा. पानाला हात लावीनात. रुसले. बायका खुसखुसल्या. रीतच आहे, पहिल्या सणाला जावयाने रुसायचं आणि सासऱ्याने रुसवा काढायचा. मी रुसलो होतो तेव्हा सासऱ्यांनी छत्री दिली होती. बारा पावसाळे वापरली. जा.साठी हिने अंगठी करून फडताळात ठेवली होती. डबी पुढे करायची, जावई हसतो, पंगत जेवते, संपलं. मोकळा शब्द कोणी टाकत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक. आणि मी! चार माणसं बघून अंगात आलं. म्हणालो, "मागा, काय हवं ते मागा!"

जा.नी खिशातून छापील कागद काढला. फोर्टातल्या कुठल्याशा साहेबी शिंप्याचा. वर गोऱ्या माणसाचं चित्र, मागे मापं भरून तयार. "ह्याच दुकानचा पाहिजे. कोट, जाकीट, विजार. आत दुकानाचा शिक्का असतो. गावठी शिंप्याचा मी घालत नाही."

भात निवत चाललेला. वकील माझ्याकडे बघतायत, मी भिंतीकडे. पुढ्यात वाढलेलं अन्न. म्हणालो, "दिला."

लगेच जेवू लागले. बासुंदी तीनदा मागून घेतली. उंची कपड्यांची हौस एखाद्याला असते, असो बापडी. पण कागद खिशात घालून पाटावर बसायचं? रुसणंसुद्धा मापं घेऊन?

भाऊबीज

जा. गेले. एकटे. मोटारीत बसता बसता म्हणाले, "सूट हाती आला की मीच येतो न्यायला. तोवर वत्सला राहू दे, तिलाही जरा माहेर मिळेल." किती ती माया! कचेरीत रोज गहाणखतं बघतो, आता घरात पोरच गहाण.

मोटार वळली आणि वत्सूने मोठ्ठा श्वास सोडला. हिने पाहिलं, मी पाहिलं.

कार्तिक शु. ५

ही वत्सूला रोज गादी घालते आणि पोर सकाळी नुसत्या जमिनीवर सापडते. आज ही तिला समोर घेऊनच बसली. मी ओटीवर पान लावत ऐकत होतो.

खोलीत गादी एकच. तिच्याखाली जा.च्या विजारी, पाण्याचा हात फिरवून, घडीवर घडी घालून ठेवतात. वर जा. एकटे झोपतात, उताणे. दुसरं माणूस गादीवर आलं, कुशीला वळलं, की घडी मोडते. म्हणून वत्सू खाली, चटईवर. "आषाढात ओल यायची. मग लुगडं दुहेरी करून अंगाखाली घ्यायचे." हे ती हिला समजूत घातल्यासारखं सांगत होती.

आणखी सांगितलं. महिना सरत आला की चूल एकदाच पेटते. परटाचं, बुटांचं, टोपीचं आधी भागवायचं, उरेल त्यात वाणी. "ते म्हणतात, ऑफिसात चहा झालाय, भूक नाही. मग मी माझ्यापुरतं कशाला शिजवायचं?"

पान तसंच टाकलं. मुंबईत लोक ह्या माणसाकडे बघून म्हणत असतील, काय टापटीप! त्या घडीखाली माझी पोर ओलीत झोपते. शी. दुसरा शब्द सुचत नाही. शी.

कार्तिक शु. ९

रजा काढून पोलादपूरला गेलो, व्याह्यांकडे. त्यांचं किराण्याचं दुकान. भातकापणीचे दिवस, गिऱ्हाईक नव्हतं. विहीणबाईंनी आत नेऊन देव्हारा दाखवला. गणपतीच्या शेजारी जा.ची तसबीर, हॅट-काठीसकट. तिलाही गंध लावलेलं! "आमचा मधू लहानपणापासूनच नीटस," म्हणाल्या.

मी सांगितलं, मुलगी जमिनीवर झोपते. विहीणबाई, "अहो, जमिनीवर कोण झोपत नाही? आमचा जन्म गेला."

व्याही म्हणाले, "आजकाल माणूस कपड्यावरून ओळखतात रावसाहेब. साहेबाने त्याला शाबासकी दिली परवा. उद्या हेडक्लार्क झाला तर सुख तुमच्याच लेकीला." मग गूळ बांधता बांधता, हळूच, "तुमचा शब्द चार माणसांत गेलाय. आमचं काही म्हणणं नाही. पण लेक माहेरी राहिली तर लोक आम्हाला नाही विचारायचे."

त्यांच्या सदऱ्याला कोपरावर ठिगळ. मुलाकडून काही येतं का, असं विचारलं. "त्याचंच त्याला पुरत नाही हो," म्हणाले, आणि तेही अभिमानाने. निघताना गुळाची ढेप दिली. वाटेत मोटारीत मांडीवर घेऊन बसलो. राग कोणावर धरावा कळेना.

कार्तिक शु. १३

पाणवठ्यावर हिला विचारायला लागले. "वत्सू अजून इथंच? काही विशेष?" विशेष म्हणजे दिवस गेलेत का. हिने नाही म्हणून मान हलवली तेव्हा त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली म्हणे.

ही म्हणते, "देऊन टाका. पोरीचा संसार आहे. एकदा मिळाला की गप्प बसतील." मी म्हटलं, चटक लागलेलं मांजर गप्प बसतं का? ही रडली. मग मीच बसून त्या दुकानाला पत्र लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा वाईट आलं. यंदा कौलं परतायची होती, ती राहिली.

कार्तिक व. १२

पार्सल आलं, व्ही. पी.ने, पोस्टमनच्या हातावर पैसे मोजून सोडवलं. पोस्टमन म्हणाला, "काय रावसाहेब, थाट आहे!" घरात खोकं उघडलं. राखी रंगाचं कापड, हात लावला तर लोण्यासारखं मऊ. आत रेशमी अस्तर, त्यावर सोनेरी शिक्का. वत्सूने लांबूनच पाहिलं आणि निवडायचे तांदूळ घेऊन मागच्या दारी गेली.

दुपारी घरात कोणी नव्हतं. कोट चढवला. का चढवला, देवाला माहीत. आरशात पाहिलं. खाली धोतर, वर साहेब. खांदे रुंद दिसत होते. पाठ आपोआप ताठ झाली. क्षणभर, खरं सांगायचं तर क्षणभर नाही, चांगला बराच वेळ, मला तो माणूस आवडला. मामलेदारांपुढे हा घालून उभा राहिलो तर, असंही मनात आलं. मग काढताना बाहीत हात अडकला आणि इतकी किळस आली, की हात धुऊन आलो.

मार्ग. शु. ३

जा.चं कार्ड. तीन दिवसांनी येतो, दुपारच्या मोटारीने लगेच परत. खाली बारीक अक्षरात, "सूटवर जुने बूट शोभणार नाहीत. तपकिरी, पुढून निमुळते, दुकानाचं नाव मागे देत आहे. तेवढं पाहावं." मुलगी कशी आहे, हे विचारायला कार्डावर जागा उरली नसावी.

कार्ड हिला वाचून दाखवलं. ही प्रथमच "द्या" म्हणाली नाही.

रात्री जेवणं झाल्यावर वत्सूला विचारलं, "जातेस ना?" ती भांडी आवरत होती. म्हणाली, "सूट तुम्ही कबूल केलात बाबा, तो देऊन टाका. माझं नाव त्यात घालू नका." मी म्हटलं, लोक काय म्हणतील? नवऱ्याने टाकलेली म्हणून जन्म काढणार? "त्यांनी कुठे टाकलंय? मीच जात नाही." इतकं शांतपणे, की मी घाबरलो. लग्नात हातावर पाणी मी सोडलंय. ते परत कसं घेतात, हे मला कोणी शिकवलेलं नाही. विषय तिथेच राहिला.

मार्ग. शु. ५

दिवसभर कचेरीत चुका केल्या. वकिलांना नाव न घेता विचारलं, मुलगी माहेरी ठेवून घेतली तर कायदा काय म्हणतो? ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "कायदा नवऱ्याच्या बाजूने. बाकी नवऱ्याने दावा लावायला त्याला बायको हवी असावी लागते." मग म्हणाले, "अव्वल कारकून, पंगतीला मी होतो हो." मान वर करता येईना.

घरी आलो तर ही वत्सूचे केस विंचरत बसलेली. वत्सूच्या गालांवर थोडा रंग आलाय. महिन्याभरात तेवढंच.

मार्ग. शु. ६

आले. उंबऱ्यातच विचारलं, "पार्सल?" खोकं ओटीवर आणून ठेवलं. कोट उलटा करून आधी शिक्का पाहिला, त्यावरून बोट फिरवलं. मग आत जाऊन सगळा चढवून आले. हिने चहा पुढे केला तो घेतला नाही, सांडेल म्हणून. बूट विचारले. नाहीत म्हटलं. तोंड एवढंसं झालं. मग स्वतःच, "बरं, संक्रांतीला बघू."

ओटीवर त्यांच्यासमोर बसवेना म्हणून इथे आत वही घेऊन बसलोय. येऊन घटका झाली, वत्सूचं नाव नाही. आत्ता मोटारीचा भोंगा ऐकू आला तेव्हा आठवण झाली. "वत्सला, आटप. हे खोकं तू घे, माझ्या हातात काठी आहे."

वत्सू माजघरात खांबाला टेकून उभी आहे. अंगावर घरातलंच लुगडं. हिने दोनदा तिचे कपडे बांधायला घेतले, दोनदा वत्सूने हिचा हात धरला. ओटीकडे बघतसुद्धा नाही. बघते ती माझ्याकडे.

ओटीवरून पुन्हा हाक. आवाज चढलाय, शेजारी बाहेर आले असणार. ही दारात येऊन उभी राहिली. "अहो, उठा आता. काहीतरी बोला."

कोणाला बोलू, जा.ना की वत्सूला, हे मात्र ती सांगत नाही. उठतो.