भोपळ्यातली चिठ्ठी आणि बंगालची मान

अण्णा,

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी तुम्हाला फारसा त्रास दिलेला नाही. वर्षातून एकदा नावागोत्रासकट हाक मारतो, तीही शुद्ध उच्चारात, कारण तुम्ही पोटाला चिमटा काढून मला संस्कृत शिकायला साताऱ्याला पाठवलं होतं आणि त्या खर्चाचं कुठंतरी चीज व्हायला हवं. आज मात्र तक्रार घेऊन आलो आहे. तुमच्या एका सवयीनं गेले आठ दिवस माझं डोकं उठवलं आहे. तुम्ही निवांत आहात, आणि इथं मिरजेत तुमच्या दुकानात तुमची नात, माझी लेक, माझ्याशी धड बोलत नाही.

आधी दुकानाचं सांगतो. तुमचं तंबोऱ्याचं दुकान आहे तिथंच आहे. फक्त आता पुढच्या भिंतीवर तंबोऱ्यांच्या जागी इलेक्ट्रिक गिटारी टांगलेल्या असतात. दचकू नका. नातीनं हे सुरू केलं तेव्हा मीही दचकलो होतो, पण ती लाकूड निवडते ते तुणाचं, तुमच्या दांडीचंच, आणि टकटक करून कानाशी धरते ती तुमच्यासारखीच, मान डावीकडे कलती करून. वर्षाला पंधरा-वीस गिटारी करते. लोक मुंबई-बंगळुरूहून विचारत येतात, कारण ह्या गिटारी कारखान्यातल्या नव्हेत, एका घरात एका बाईनं केलेल्या आहेत. धंद्याची सगळी इमारत त्या एका वाक्यावर उभी आहे. ते वाक्य तिच्या माहितीपत्रकावर पहिल्या पानावर छापलेलं आहे: ‘आमूलाग्र स्वहस्तघटित’. मुळापासून शेंड्यापर्यंत आमच्याच हातची.

ते खरं नाही. गिटारीची नेक, म्हणजे ती लांब दांडी, बंगालातल्या एका कारखान्यातून यंत्रावर कापून येते. तारांचा आवाज पकडणारे पिकअप कोरियाहून येतात. खुंट्या कुठून येतात ते खोक्यावर लिहिलेलं असतं, पण ती लिपी मला येत नाही. नात बॉडी घडवते, नेक तासून हातात बसेल अशी करते, नेकवरचे धातूचे पडदे एकेक करून घासते, सगळं जुळवते आणि शेवटी वाजतं करते. काम थोडं नाही. दोन-तीन आठवडे जातात एका गिटारीला. पण मूळ बंगालात आणि अग्र कोरियात असताना ‘आमूलाग्र’ म्हणणं जरा धाडसाचंच. आणि ते वाक्य तिचं नाही, अण्णा, माझं आहे. ती म्हणाली, “बाबा, एक छान ओळ द्या,” आणि तीस वर्षं पोरांना समास सोडवायला लावणाऱ्या माणसाला एक समास बांधायची संधी मिळाली. मी तो बांधला. नेक कुठून येते हे तेव्हाही मला माहीत होतं.

तर गेल्या आठवड्यात कडेगावहून एक निवृत्त सुभेदार आले. पलटणीच्या ऑर्केस्ट्रात वीस वर्षं गिटार वाजवलेला माणूस, मिशा अजून परेडवर. ऊस, नातवंडं, सगळं मार्गी लागलं, आता एकदा आपली स्वतःची गिटार घ्यायची म्हणून आलेले. निळसर रंगाची एक गिटार त्यांनी मांडीवर घेतली, तासभर वाजवली, आणि मग तिच्या मानेवरून, म्हणजे नेकवरून, अंगठा फिरवत विचारलं, “ताई, लय गोड बसतीया ही मान. ही बी तुमीच केलीया न्हवं?”

नात म्हणाली, “हो.”

मी शेजारच्या स्टुलावर चहा पीत होतो. मी काय केलं? मी चहा पीत राहिलो. सुभेदार म्हणाले, “मग रैवारी येतो न्यायला. कागुद तेवढा लिवून ठिवा, कुनी केली, कशी केली. आमाला कागुद लागतो बगा, सवय हाय.” आणि गेले.

ते गेल्यावर मी बोललो. मी नेहमी गेल्यावरच बोलतो. म्हटलं, हे बरोबर नाही झालं. ती म्हणाली, सगळे असंच करतात, आणि लिहिलं तर लोक म्हणतील की नुसते तुकडे जोडते. मी तिची समजूत काढायला न्यायशास्त्र काढलं. म्हटलं, कुंभार मडकं करतो, पण माती काही तो करत नाही, चाकही करत नाही, तरी मडकं कुंभाराचंच. पण माती कुठली ते विचारलं तर सांगावं. आणि ज्या गाढवावरून माती आली ते गाढव मात्र शास्त्रात कारण म्हणून धरत नाहीत, त्याचं नाव घ्यायची गरज नाही. ती म्हणाली, “बाबा, नेक म्हणजे माती की गाढव ते आधी ठरवा.” मला ठरवता येईना. तिला ते दिसलं, आणि त्यानं भांडण वाढलं.

मग मी माझं शेवटचं हत्यार काढलं, म्हणजे तुम्ही. तिला ती गोष्ट शंभराव्यांदा सांगितली. मी एकोणीस वर्षांचा, सुट्टीला घरी आलेलो, दुकानात पुण्याचे एक गवई बसलेले. त्यांनी विचारलं तंबोरा कुणी केला, आणि मी ऐटीत म्हणालो, “सगळं आम्हीच करतो.” तुम्ही हातातली पटाशी खाली ठेवली. “आवं, त्येचं काय ऐकू नका. पोरगं संस्कृत शिकतंय, तवा बोलताना भान ऱ्हात न्हाई. भोपळा मंगळवेढ्याचा हाय, तो वाढवनारा शेतकरी येगळा. खुंट्या आमच्या शेजारचे म्हातारे करत्यात. तारा भाईरनं येत्यात. आमी जोडतो, आनि जवारी तेवढी आमची.” मग माझ्याकडे वळून, त्या गवयांच्या देखत: “दुसऱ्याचा घाम आपल्या अंगाला लावून फिरू नगंस. वास येतो.” माझे कान आजही तापतात. आणि त्यानंतर तुम्ही ती चिठ्ठी मला दाखवलीत. तबली, म्हणजे भोपळ्यावरचं लाकडी झाकण, बसवण्याआधी आत खळीनं चिकटवायचा तो कागद: भोपळा अमक्याचा, दांडी अमक्याची, खुंट्या अमक्याच्या, जवारी स्वतः, खाली महिना आणि साल. मिरजेत दुसरं कुणी हे करत नव्हतं. ही तुमची सवय मी साताऱ्यात तीस वर्षं वर्गात सांगत आलो. जवारी काय हे पोरांना कळावं म्हणून हेही सांगायचो, की तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा माथा कानशीनं केसभर असा घासायचा, की तार छेडल्यावर ती घोडीला अलगद खेटत राहते आणि सूर फुलतो. भोपळा, लाकूड कुणाचंही असो, तंबोरा बोलतो तो तेवढ्या घासण्यानं.

नात गोष्ट ऐकून उठली, आतल्या खोलीत गेली आणि एक तंबोरा घेऊन आली. साताऱ्याच्या एका गायनशाळेतून दुरुस्तीला आलेला, तुमचाच. तबलीला चीर गेली म्हणून तिनं ती उकलून बाजूला ठेवली होती. भोपळा उघडा. आत तुमचं अक्षर.

“वाचा,” ती म्हणाली.

मी वाचलं. भोपळा, दांडी, खुंट्या. जवारी स्वतः. महिना, साल.

“आजोबांचा अंगठा कधी गेला?”

“माझ्या दहावीला. पटाशी घसरली.”

“हा तंबोरा त्याच्या चार वर्षांनंतरचा आहे. आजोबांचा अंगठा वाकायचा नाही, मला आठवतंय. मला पेरू कापून द्यायला आजी लागायची. मग कानस कोण धरायचं?”

अण्णा, मी संस्कृतचा मास्तर आहे. उत्तर माहीत असताना गप्प बसायचं आम्हाला शिकवलेलं नाही, तरी बसलो.

कारण मला दिसत होतं. दुपारी दुकानाचं एक दार लोटलेलं. तुम्ही तारा लावून बसला आहात, छेडता आहात. आतून भाकऱ्यांचा आवाज थांबतो आणि आई म्हणते, “तिसरी तार अजून मिटलेली हाय.” ती पिठाचे हात पदराला पुसत येते, मांडी घालते, घोडी सरकवते, कानस घेते. चार वेळा घासते, तारेखाली सुताचा धागा सरकवते, ऐकते, पुन्हा दोन वेळा. वीस वर्षं भिंतीपलीकडून तुमचं काम ऐकत होती ती, तुमच्या अंगठ्याला जे आठवत होतं ते तिच्या कानाला पाठ होतं. मग तार उघडते आणि सगळी खोली भरते. आई उठून जाते, कारण तव्यावर भाकरी आहे. मी एकदा तिला विचारलं होतं की चिठ्ठीत तुझं नाव का नाही. ती म्हणाली, “भांडी घासते तशी घोडी घासते. त्येला काय नाव घालायचं?” मी ते उत्तर पुरेसं मानलं. फार सोयीचं होतं.

आणि आणखी एक. तुम्ही गवयांसमोर मला झापलंत, “जवारी तेवढी आमची” म्हणालात, तेव्हा आई चहाच्या कपबशा घेऊन दारात उभी होती. ती गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली आणि दर वेळी आईला त्यातून बाहेर ठेवलं.

तुमच्या बाजूनं वकिली करायचा मी प्रयत्न केला, हे नमूद करतो. नातीला म्हटलं, चिठ्ठी आधी आत जाते, जवारी सगळ्यात शेवटी निघते, तेव्हा लिहिताना त्यांचा इरादा स्वतः काढायचाच असेल. ती म्हणाली, “चार वर्षं इरादा?” मग म्हटलं, ‘आमची’ म्हणाले होते, त्यात आजी आलीच. ती म्हणाली, “तोंडानं ‘आमची’, कागदावर ‘स्वतः’.” मग मी वकिली सोडली. आणि मला तुमचा खरोखर राग आला. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याचं नाव तुम्ही घातलंत, त्याला तुम्ही वर्षातून एकदा भेटत होतात. शेजारच्या म्हाताऱ्यांचं घातलंत. जी रोज भिंतीपलीकडे होती तिला आपण दोघांनी त्या माती वाहणाऱ्या गाढवात धरलं. वर पुन्हा तुमची कबुली असायची कुठं, तर बंद भोपळ्यात, अंधारात. तंबोरा फुटेपर्यंत कुणाला वाचता येणार नाही अशा जागी खरं लिहायचं, आणि तेही अर्धं. हे सगळं तुम्ही जिवंत असताना विचारायला हवं होतं, मान्य आहे. पण तुमच्यासमोर माझा आवाज कधी फुटला होता?

रविवारी सुभेदार आले. नात रात्रभर झोपली नसावी, डोळे सुजलेले. गिटार त्यांच्या हातात द्यायच्या आधी तिनं कागद वाचून दाखवला. नेक बंगालची, यंत्रावर कापलेली. पिकअप कोरियाचे. बॉडी, पडद्यांची घासणी, जुळणी इथली. मग म्हणाली, “काका, त्या दिवशी मी हो म्हणाले ते खोटं होतं. तुम्हाला नको असेल तर राहू द्या.”

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. “मान बंगालची हाय म्हनून काय झालं? आमच्या पलटनीत बंगाली पोरं व्हती, लय गुणाची. ते न्हाई. तवा ‘व्हय’ कशापायी म्हनलीस, बाळ?”

मी स्टुलावरून उठलो आणि म्हणालो, “माहितीपत्रकात तसं लिहिलंय म्हणून. ते मी लिहिलंय.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्या दिवशी चहा पिणारा तो हाच, हे त्यांना आठवलं असावं. “तुमी मास्तर न्हवं?” एवढंच म्हणाले. तुमच्या त्या वासाच्या वाक्यापेक्षा हे तीन शब्द जड गेले.

गिटार त्यांनी घेतली. एक अट घातली: “ह्यो कागुद आत नगं. पाठीवर लावा, दिसंल असा. कुनी इचारलं तर मला सांगत बसाय नगं.” नातीनं तो गिटारीच्या पाठीवर चिकटवला आणि वरून वॉर्निश दिलं. आता सगळ्या गिटारींना ती तसंच करणार आहे. माझी ओळ माहितीपत्रकातून काढून टाकली आहे. नवीन ओळ तिनं स्वतः लिहिली, साध्या मराठीत, मला न विचारता. चांगली आहे. माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलते, आणि ते मला मिळायलाच हवं होतं.

राहिला तो तंबोरा. काल दुपारी ती बँकेत गेली असताना मी आतल्या खोलीत बसलो. भोपळा अजून उघडा होता. तुमच्या चिठ्ठीला हात लावला नाही. तिच्या खाली एक नवा कागद खळीनं चिकटवला: जवारी घरच्या मंडळींची, आणि पुढं आईचं पूर्ण नाव. संध्याकाळी नातीनं तबली बसवली. आज तो साताऱ्याला गेला. पुन्हा तडा जाईपर्यंत आता ते कुणी वाचणार नाही.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. ते जाणार तरी कुठं. एवढंच सांगायचं राहिलं, की तो कागद मी माझ्या अक्षरात लिहायला बसलो होतो. दोन शब्द लिहिले आणि फाडला. मग तुमच्या चिठ्ठीवर बघत बघत तुमच्या अक्षरात लिहिला, तुमचा तो मागे झुकलेला ‘ज’, रेघ न मारता सोडलेला ‘म’. खाली सालही तुमचंच घातलं. आईचं नाव तुम्हीच लिहिलंत असं निदान एका भोपळ्यात तरी असावं, असं मला वाटलं. नातीनं तबली लावण्याआधी आत वाकून बघितलं, बराच वेळ, आणि काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.