मेलेल्यांनी नाव सांगावं

७ जानेवारी

आला होता! धाकटीच्या केसचा फौजदार. मला वाटलं, गाडी सापडली. खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. तर म्हणतो कसा — "ताई, त्या मालिकेचा पुढचा भाग आलाय का?"

मालिका म्हणजे पुस्तकांची, मेलेल्यांशी बोलणाऱ्या गुप्तहेराची. ठेवलं पुस्तक त्याच्यापुढे. वाचनालय चालवायचं तर मागेल त्याला द्यावंच लागतं.

माझी धाकटी बहीण हॉस्पिटलातली रात्रपाळी संपवून सकाळी चालत घरी येत होती. औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर गाडीने उडवलं. गाडी थांबलीसुद्धा नाही. ती गाडी ज्याने शोधायची, तो भुतांच्या गोष्टी वाचतोय. धन्य!

९ जानेवारी

इस्त्रीवाल्याने तिचे दोन गणवेश आणून दिले. "नर्सबाई न्यायला विसरल्या वाटतं," म्हणाला. घेतले. त्याला काय सांगणार?

१४ जानेवारी

नवा गठ्ठा आला, अर्धा त्याच मालिकेचा. दुपारपर्यंत एक प्रत उरली नाही. लोकांना यात काय एवढं गोड लागतं, म्हणून आज ज्याला त्याला विचारत सुटले.

दातांचे डॉक्टर — "दहाव्या पानापर्यंत प्रेत बोललं नाही तर मी पुस्तक मिटतो." यांच्या खुर्चीत जिवंत माणसाला बोलता येत नाही, ती हौस इथे भागवतात!

निवृत्त मास्तरीणबाई — "जादू कितीही असू दे, पण तिला नियम हवा. भूत भिंतीतून येतं ना? मग दार कशाला वाजवतं?" लाल पेनने खुणा करून पुस्तक परत देतात. दर वेळी सांगते, दर वेळी करतात.

पुस्तकं पुरवणारा विक्रेता फार शहाणा. "बाई, लोकांना भीती हवी असते. पण पांघरुणातली."

आणि सगळ्यांचं एकमत कशावर, तर गुन्हेगार सापडायलाच हवा. न सापडलेला कुणालाच नको.

तो शेवट आमच्या घरी आलाय. फुकट.

२० जानेवारी

वाचलं. त्यातलं एक मीही वाचलं. धाकटी असती तर हसून लोळली असती — "ताई, तू? आणि भुतं?"

गुप्तहेराची सावली त्याच्या आधी घरात शिरते आणि मेलेल्याच्या उशाशी जाऊन बसते. मेलेलं माणूस सावलीशीच बोलतं. भाषा बेतास बात, गुन्हेगार मला तिसऱ्या प्रकरणातच कळला. तरी संपवूनच उठले. पाण्यात बुडवून मारलेली मुलगी सावलीच्या कानात मारणाऱ्याचं नाव सांगते, तिथे घळाघळा रडले. मग स्वतःचीच चीड आली.

भूत कुणाला हवंय? मेलेल्या माणसाचं म्हणणं कुणीतरी बसून ऐकून घेतंय, एवढंच हवंय. माझं म्हणणं तर जिवंतपणी कुणी ऐकत नाही. ठाण्यात गेलं की एकच — "तपास चालू आहे." कोपऱ्यावरचा कॅमेरा बंद होता म्हणे. कुणी पाहिलं नाही म्हणे. भर सकाळी!

२८ जानेवारी

आज तोंड सुटलं माझं.

फौजदाराने पुस्तक टेबलावर आपटलं. "एकदम भिकार! यात मेलेली मुलगी शेवटपर्यंत बोलतच नाही."

"मग गुन्हेगार सापडत नाही?"

"सापडतो की. गुप्तहेर स्वतःच शोधतो, स्वतःच जाऊन धरतो. हे काय झालं? मग भूत कशाला घातलं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "म्हणजे काम मेलेल्यांनी करायचं आणि पगार तुम्ही घ्यायचा?"

"ताई, तुम्हाला नाही कळायचं ते."

"मला नाही कळायचं? बहीण माझी मेली!"

वाचणारे सगळे माना वर करून बघायला लागले. मास्तरीणबाई उठून माझ्याजवळ आल्या. मी थांबले नाही. म्हटलं, "उद्या माझी बहीण खरंच येऊन नाव सांगू लागली, तर तुम्ही ऐकाल का?"

त्याचा चेहरा असा पडला, जणू मी थोबाडीत मारली. पुस्तक न घेताच गेला.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

५ फेब्रुवारी

आजचं शब्दन् शब्द लिहून ठेवते.

दुपारी बंद करायच्या वेळेला फौजदार आला. अंगावर वर्दी नव्हती. कपाटांच्या मधल्या बोळात उभा राहिला आणि पुस्तकांच्या पाठींकडे बघत बोलला. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"गाडी माझ्या मेहुण्याची होती. बायकोचा भाऊ." त्याचं नावही घेतलं. "त्याच दिवशी आमच्या घरी आला होता. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

मी हातातली कुलूपकिल्ली टेबलावर ठेवली.

"केस मीच मागून घेतली. दुसऱ्याकडे गेली असती तर..." मग म्हणाला, "घरात बायको माझ्याशी बोलत नाही तेव्हापासून. वाटतं, कुणीतरी येऊन नाव सांगून टाकावं. म्हणजे मला सांगावं लागणार नाही."

म्हणून वाचतो! मेलेल्याने येऊन बोलावं. तोवर जिवंतांनी मूग गिळून बसावं!

"चला, ठाण्यात हेच सांगा," मी म्हटलं.

तेव्हा कुठे वळून पाहिलं. "मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही, ताई." आणि जिना उतरून गेला.

६ फेब्रुवारी

गेले. सरळ मोठ्या साहेबांच्या खोलीत. नाव सांगितलं, नातं सांगितलं, तो काय काय बोलला ते सांगितलं. साहेबांनी त्याला बोलावलं.

आला, सलाम ठोकला. वर्दी कडक, आवाज मऊ.

"साहेब, या बाईंचं वाचनालय आहे. भुताखेतांच्या हेरकथा फार वाचतात. बहिणीच्या दुःखाने... समजून घ्यायला हवं आपण."

साहेबांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं. चहा मागवला! "ताई, कुणी सोबत आहे का? घरी सोडायला गाडी देऊ?"

गाडी. मला गाडी देत होते.

७ फेब्रुवारी

वाचनालय उघडलं नाही.

१० फेब्रुवारी

उघडलं. सगळ्यांना कळलेलं दिसतंय. दातांचे डॉक्टर हळू आवाजात बोलले, जणू मीच आजारी. मालिकेची सगळी पुस्तकं काढून खोक्यात भरली. विक्रेत्याला म्हटलं, घेऊन जा. म्हणाला, "बाई, धंदा बसेल." म्हटलं, बसू दे.

मास्तरीणबाईंनी तेवढं विचारलं, "तो खरंच बोलला होता?" "हो," म्हटलं. त्यांनी माझा हात धरून ठेवला. पण हात धरणारी माणसं साक्षीला चालत नाहीत.

आईला फोन केला नाही. तिला कुठल्या तोंडाने सांगू, की नाव कळलं, पण त्याचा काही उपयोग नाही?

१३ फेब्रुवारी

सकाळी कुलूप काढत होते, तर एक बाई जिन्यात उभी. फौजदाराची बायको. म्हटलं, मालिका बंद केली आम्ही.

"पुस्तक नकोय," ती म्हणाली. "गाडी आमच्या अंगणात धुतली भावाने. पाणी मी ओतलं. चला, कुठे सांगायचं ते दाखवा."